चार स्पेस दिल्या, दिसली एकच

वाचक विचारतात

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर निघाली. विचारणाऱ्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. कुणाची कविता मोडली, कुणाचा हिशोब वाकडा झाला, कुणाला एक्सेलमध्ये नाव सापडेना, आणि सगळ्याच्या मुळाशी कीबोर्डवरची सगळ्यात लांब पट्टी, स्पेसबार. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, पुढच्या अंकात घेऊ.

मी कविता लिहिते. माझ्या ओळी सगळ्या डावीकडून सुरू होत नाहीत, काही आत सरकवलेल्या असतात, तो थांबा मला हवा असतो. वर्डमध्ये अगदी हवं तसं दिसतं, पण एका वेबसाइटवर पेस्ट केली की सगळं एका ओळीत गोळा होतं. संपादकांना विचारलं तर म्हणाले ब्राउझरच तसं करतो. खरंच का? आणि का करतो?
— एक कवयित्री, सातारा

खरं आहे ताई, ब्राउझरच करतो, आणि मुद्दाम करतो. पण संपादकांनी तिथेच हात वर करायला नको होते, कारण यावर उपाय आहे आणि तो त्यांच्याच हातात आहे.

आधी का ते सांगतो. तुम्ही स्पेसबार दाबता तेव्हा तुमच्या दृष्टीने मोकळी जागा तयार होते, कॉम्प्युटरच्या दृष्टीने मात्र एक अक्षर टाईप होतं. त्याला क्रमांक आहे, ३२. टॅबला ९ आहे, एंटर दाबून नवीन ओळ केली की १०. जुन्या छापखान्यात खिळे जुळवायचे तेव्हाही हेच होतं बघा, दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजे शिशाचा एक तुकडाच असायचा, फक्त उंचीला कमी, म्हणून त्याला शाई लागायची नाही आणि तो कागदावर उमटायचा नाही. जागा मोकळी दिसायची पण तिथे वस्तू असायची. तसंच हे.

आता वेब पान एचटीएमएलमध्ये लिहितात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास सर्न या संशोधन संस्थेत हे सुरू केलं तेव्हापासून कल्पना अशी की लिहिणाऱ्याने मजकूर लिहायचा आणि ओळ कुठे मोडायची ते बघणाऱ्याच्या स्क्रीनवर सोडायचं, कारण कुणाचा स्क्रीन मोठा, कुणाचा लहान. आणि एचटीएमएल लिहिणारा माणूस स्वतःला वाचायला सोपं जावं म्हणून फाइलमध्ये भरपूर एंटर मारतो, टॅब देतो, आत आत सरकवत लिहितो. ते सगळं जसंच्या तसं पानावर आलं असतं तर वाक्याच्या मधेच भगदाडं दिसली असती. म्हणून नियम असा की स्पेस, टॅब, एंटर यातलं काहीही असो, कितीही असो, लागोपाठ आलं की सगळ्यांची मिळून एकच स्पेस दाखवायची आणि ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर तीही टाकून द्यायची. बातमीसाठी, लेखासाठी हा नियम उत्तम आहे, त्याच्याशिवाय एकच पान मोबाइलवर आणि टीव्हीएवढ्या मॉनिटरवर नीट दिसलं नसतं. कवितेसाठी मात्र तो घातक आहे. समजा तुम्ही लिहिलंत,

पाऊस थांबला
      आणि
            अंगणात चप्पल एकटी

यात दुसरी ओळ सहा स्पेस आत, तिसरी बारा. ब्राउझर याचं करतो 'पाऊस थांबला आणि अंगणात चप्पल एकटी'. शब्द एकही हलला नाही, पण 'आणि' नंतर वाचणारा जो थबकणार होता तो आता थबकत नाही. माझ्या मते ही कविता बदलली, आणि संपादकाने छापखान्यात असं केलं असतं तर तुम्ही भांडला असता, मग इथेही भांडा.

उपाय काय तर संपादकांना सांगा की कवितेच्या चौकटीला सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते जिथे सांगतात तिथे, व्हाइट-स्पेस नावाची एक सेटिंग असते, ती 'प्री-रॅप' करा. एक शब्द लिहायचा आहे, एका ओळीचं काम. मग प्रत्येक स्पेस आणि प्रत्येक एंटर राखला जातो आणि ओळ फारच लांब झाली तरच मोडते. नुसतं 'प्री' केलं तर स्पेस राखल्या जातात पण लांब ओळ मोडतच नाही, मोबाइलवर बोटाने आडवं सरकवत वाचावं लागतं. 'प्री-लाइन' केलं तर ओळी राहतात पण आत सरकवलेलं जातं. तुम्हाला 'प्री-रॅप'च हवं, नाव लिहून ठेवा. साइट वर्डप्रेसवर असेल तर तेवढंही नको, त्यात 'व्हर्स' नावाचा ब्लॉक खास कवितेसाठी दिलेला आहे, त्यात पेस्ट केलं की झालं.

एक विनंती. वैतागून कवितेचा फोटो काढून टाकू नका, हल्ली खूप जण तेच करतात. फोटोतली कविता गूगलला सहजासहजी सापडत नाही, कुणाला सरळ कॉपी करता येत नाही, आणि अंध वाचकांच्या मोबाइलमधला वाचून दाखवणारा आवाज तिथे बरेचदा गप्प बसतो किंवा नुसतं 'इमेज' म्हणतो.

आमचा बारा जणींचा बचत गट आहे, हिशोब मी ठेवते आणि दर महिन्याला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. नावं डावीकडे, रक्कम उजवीकडे, मध्ये स्पेस देऊन देऊन रकमा एकाखाली एक आणते. माझ्या फोनवर सरळ रेघेत दिसतं पण अध्यक्षताईंच्या फोनवर सगळं वाकडंतिकडं. स्पेस गायब होतात का?
— बचत गटाच्या सचिव, कोल्हापूर जिल्हा

नाही, तुमच्या स्पेस गायब होत नाहीत. वर कवितेचं जे झालं ते वेगळं आणि हे वेगळं. व्हॉट्सॲप मेसेजच्या मधल्या स्पेस राखतं, तुम्ही अकरा दिल्या तर अकराच पोचतात. पण अकरा स्पेस म्हणजे किती रुंद हे त्या फोनचा फॉन्ट ठरवतो, आणि 'म' हे अक्षर किती रुंद, 'र' किती हेही तोच ठरवतो. अध्यक्षताईंच्या फोनचा फॉन्ट वेगळा किंवा त्यांनी अक्षर मोठं करून ठेवलंय, मग तुम्ही डोळ्यांनी जुळवलेलं माप तिथे लागू पडत नाही. कुणाच्या फोनवर तर ओळच मावत नाही, रक्कम खाली उतरते आणि पुढच्या नावाशेजारी जाऊन बसते, आणि पैशाच्या कामात हे बरं नाही, उगाच कुणाच्या नावावर कुणाची बाकी वाचली जाते.

व्हॉट्सॲपमध्ये मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन उलटी टिंबं (इंग्रजी कीबोर्डवर चिन्हांच्या पानावर असतात ती, तिरकी बारीक) टाकली की सगळी अक्षरं सारख्या रुंदीची होतात, टाईपरायटरसारखी. हा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. पण तो इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकड्यांना लागू होतो, मराठी नावांना नाही, कारण आपली अक्षरं त्या साच्यात बसतच नाहीत, 'क्षी' आणि 'र' एकाच रुंदीत कसे मावणार. त्यामुळे मराठी नावं आधी लिहिली की पुढचं सगळं परत वाकडं.

मी सांगतो ते करा, रक्कम आधी लिहा आणि नाव नंतर. १२०० मग एक रेघ, मग नाव. ५० असेल तर आधी दोन शून्यं लावा म्हणजे चार आकडे होतात. आकड्यांची रुंदी बहुतेक फॉन्टमध्ये सारखीच असते, म्हणून डावीकडे आकडे आपोआप एकाखाली एक येतात आणि नाव कितीही लांब असलं तरी ते उजवीकडे मोकळं पसरतं. एकही जादा स्पेस लागत नाही. वहीत आपण नाव आधी लिहितो हे खरं, सवय मोडायला दोन महिने जातील, पण हिशोब बाराही फोनवर सारखा दिसेल.

जाता जाता, तुमच्या मेसेजमध्ये 'सूचना' ठळक होत नाही असंही तुम्ही लिहिलंय. ठळक करायला शब्दाच्या दोन्हीकडे जी फुली (*) देतात ती आणि शब्द यांच्यामध्ये स्पेस राहिली असणार. फुली शब्दाला चिकटून हवी, दोन्हीकडून.

इंग्रजी टायपिंगच्या क्लासात आम्हाला पूर्णविरामानंतर दोन स्पेस द्यायला शिकवलं, चाळीस वर्षं तसंच केलं. आता नातू म्हणतो चूक आहे, फोनवर दोन स्पेस दिल्या की आपोआप टिंब येतं. कोण बरोबर?
— निवृत्त लघुलेखक, नागपूर

काका, तुम्ही टाईपरायटरवर बरोबर होता. तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, मग वाक्य संपलं हे डोळ्याला कळावं म्हणून दोनदा पट्टी दाबायची. आताच्या फॉन्टमध्ये ती गरज उरलेली नाही, आणि मायक्रोसॉफ्ट वर्ड तर २०२० पासून इंग्रजीत दोन स्पेसखाली चुकीची खूण करतं. वेबवर तुम्ही दोन दिल्या तरी एकच दिसते, का ते वर कवितेच्या उत्तरात आलंच आहे. फोनवर दोन स्पेसचं टिंब होतं ती कीबोर्डची सोय आहे, नको असेल तर सेटिंगमध्ये बंद करता येते. बोटांना लागलेली सवय आहे, त्रास करून घेऊ नका, वर्डमध्ये शेवटी 'शोधा आणि बदला' मध्ये दोन स्पेसच्या जागी एक असं सांगितलं की सगळं एका फटक्यात नीट होतं.

मी शाळेत क्लार्क आहे. एका यादीत विद्यार्थी आणि दुसऱ्या यादीत त्यांचे गुण, दोन्ही एक्सेलमध्ये. एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं व्ही-लुकअप लावलं तर निम्मी नावं सापडत नाहीत म्हणतो, पण डोळ्यांनी बघितलं तर दोन्हीकडे नाव अगदी सेम. जादा स्पेस काढणारं ट्रिम लावून बघितलं, तरी तेच. आता चारशे नावं हातानं टाईप करायची का?
— एक शालेय कर्मचारी, नांदेड

हातानं अजिबात करू नका, थांबा. तुमची चूक काहीच नाही आणि ट्रिम लावलंत म्हणजे निम्मं निदान तुम्हीच केलंय.

आधी एक करून बघा. ज्या घरात 'पाटील' दिसतंय पण जुळत नाहीये त्याच्या शेजारी लेन फंक्शन लावा, ते अक्षरं मोजतं. पाटील म्हणजे प, काना, ट, दीर्घ वेलांटी, ल, असे पाच यायला हवेत. सहा आले तर त्यात एक न दिसणारं काहीतरी आहे, बहुतेक शेवटी. आता राइट फंक्शनने ते शेवटचं अक्षर वेगळं काढा आणि युनिकोड फंक्शनने त्याचा क्रमांक विचारा. ३२ आला तर साधी स्पेस, ट्रिमने जायला हवी होती. तुमच्याकडे ट्रिम चाललं नाही म्हणजे माझा अंदाज १६० येईल.

हा १६० नंबर म्हणजे 'न मोडणारी स्पेस', वेब बनवणारे हिला एनबीएसपी म्हणतात. दिसायला साध्या स्पेससारखीच, पण हिचं काम वेगळं. हिच्या दोन्ही बाजूंचे शब्द ब्राउझर वेगवेगळ्या ओळींवर जाऊ देत नाही, म्हणजे 'रु.' एका ओळीच्या शेवटी आणि '५००' खालच्या ओळीवर असं होत नाही. कामाची गोष्ट आहे, वर्डमध्ये तुम्ही कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबलं की हीच येते. शिवाय ब्राउझर हिला गोळा करत नाही, म्हणून वेबवर जादा जागा हवी असली की लोक या चार-पाच ओळीने टाकून देतात. आणि तुम्ही ब्राउझरमधल्या मेलमध्ये किंवा अक्षर ठळक-तिरकं करता येतं अशा एखाद्या चौकटीत लागोपाठ दोन स्पेस दिल्यात तर ब्राउझर त्यातली एक गुपचूप १६० नंबरची करतो, नाहीतर दुसरी स्पेस तुम्हाला दिसलीच नसती. तुमची यादी कुणीतरी मेलमधून किंवा पोर्टलवरून कॉपी करून एक्सेलमध्ये टाकलेली असणार, त्या कॉपीबरोबर ही आली. एक्सेलच्या ट्रिमला फक्त ३२ ओळखता येते, १६० त्याला एक अक्षरच वाटतं, म्हणून ते हात लावत नाही.

तर सबस्टिट्यूट फंक्शनला सांगा की कॅर १६० च्या जागी साधी स्पेस घाल, आणि त्या सगळ्याला बाहेरून ट्रिम गुंडाळा. एका नवीन कॉलममध्ये करा, खालपर्यंत ओढा, मग तो कॉलम कॉपी करून 'फक्त व्हॅल्यू' म्हणून पेस्ट करा. दोन्ही याद्यांना करा, एकीला करून दुसरी तशीच ठेवली तर परत तेच. चारशे नावांना दहा मिनिटं लागतील.

मी असंच एकदा एका कार्यालयात बसलो होतो, तिथल्या बाई तीन दिवस नावं पुन्हा टाईप करत होत्या, रात्री घरी नेऊन सुद्धा. लेन लावून त्यांना सहा आकडा दाखवला तेव्हा त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, म्हणजे मी चुकत नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न कुणीही विचारला की मी पूर्ण उत्तर देतो.

आधार नंबर कार्डावर आहे तसा टाकला तर एक फॉर्म 'चुकीचा नंबर' म्हणतो. नंबर तर बरोबर आहे.
— एक वाचक, बेळगाव

कार्डावर बारा आकडे चार-चारच्या गटात छापलेले असतात, मधल्या दोन स्पेसना तो फॉर्म अडतोय. स्पेस न देता सलग टाका. पासवर्ड किंवा खाते क्रमांक कॉपी-पेस्ट करताना शेवटी एक स्पेस चिकटून येते तेव्हाही हेच होतं, पेस्ट केल्यावर कर्सर अगदी शेवटी नेऊन एकदा मागे पुसायचं बटण दाबून बघा. पण मला खरं सांगायचंय ते फॉर्म बनवणाऱ्यांना. माणसाने कार्डावर दिसतं तसं लिहिलं तर ती त्याची चूक कशी? नंबरातल्या स्पेस काढून टाकणं हे प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं काम आहे, ती ओळ तुम्ही लिहा, म्हाताऱ्या माणसांना सायबर कॅफेत पुन्हा पुन्हा पैसे देऊन फॉर्म भरायला लावू नका.

वेब डिझाइन शिकतेय. दोन बटणं शेजारी ठेवली, मार्जिन शून्य केलं तरी मध्ये बारीक फट राहते. कुठून येते?
— डिप्लोमाची विद्यार्थिनी, पुणे

तू कोडमध्ये पहिलं बटण लिहून एंटर मारलंस आणि दुसरं खालच्या ओळीवर लिहिलंस. तो एंटर म्हणजेच ती फट, गोळा होऊन एक स्पेस झाली. बाहेरच्या चौकटीला डिस्प्ले फ्लेक्स दे, मग मधली स्पेस मोजलीच जात नाही, आणि अंतर हवं असेल तर गॅपने आकडा सांगून दे.

मी एका नियतकालिकाचं मुद्रितशोधन करतो. आमची नवीन वेबसाइट आली आणि जुने लेख तिथे हलवल्यावर काही ठिकाणी 'दऱ्या' चं 'दर्या' झालं, 'ॲ' च्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. सगळीकडे नाही, काही लेखांतच. साइटवाले म्हणतात आम्ही फक्त जादा स्पेस आणि कचरा साफ केला, अक्षरांना हात लावला नाही.
— एक मुद्रितशोधक, ठाणे

सर, ते खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांनी कचरा म्हणून जे काढलं ते मराठीचं अक्षरलेखन होतं. याच पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ बसलो.

रुंदी शून्य असलेली काही चिन्हं असतात. ८२०३ नंबरची शून्य रुंदीची स्पेस, जी फक्त सांगते की इथे ओळ मोडली तर चालेल. तिच्या लगेच पुढे ८२०४ आणि ८२०५, एक म्हणतं शेजारची अक्षरं जोडू नका, दुसरं म्हणतं जोडरूप दाखवा. यातलं काहीच दिसत नाही, आणि सफाई करणारा प्रोग्रॅम तिघांना एकाच पोत्यात घालतो. इंग्रजी मजकुरात ८२०४-८२०५ गेले तर अक्षरांचं काही बिघडत नाही. आपलं बिघडतं. 'वाङ्मय' मध्ये ङ खाली पाय मोडलेला स्पष्ट दिसावा म्हणून बरेच जण ८२०४ घालतात. आणि 'दऱ्या' मधला तो आडवा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, एक म्हणजे साधा र, हलन्त, आणि ८२०५, दुसरा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दोन्ही स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून कुणी कसं टाईप केलंय ते कळत नाही. सफाईत ८२०५ गेलं की पहिल्या प्रकारच्या र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर जातो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना लिहिलेलं वाक्य आचार्यांना उद्देशून होतं. दुसऱ्या प्रकारे टाईप केलेल्या लेखांना काहीच होत नाही, म्हणून तुम्हाला हे काही लेखांतच दिसतंय, बहुधा वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळे कीबोर्ड वापरून टाईप केलेत.

'ॲ' चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या या क्रमांकांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र म्हणून २००८ मध्ये आलं, त्याआधी अ, ८२०५ आणि वरचा चंद्र असं जुळवून लिहायचे, आणि काही कीबोर्डवर अजूनही तसंच होतं. मधलं ८२०५ काढलं की अ आणि चंद्र सुटे पडतात, आणि चंद्राला बसायला अक्षर नाही असं समजून फोन तिथे ठिपक्यांचं वर्तुळ काढतो.

दुरुस्ती आता असलेल्या मजकुरावर करू नका, कारण 'दर्या' बघून मूळ शब्द समुद्र होता की डोंगराची दरी हे प्रोग्रॅमला कळणार नाही, तुम्हाला प्रत्येक ठिकाणी वाचून ठरवावं लागेल. जुन्या साइटचा बॅकअप असेल तर तिथूनच परत घ्यायला सांगा, आणि हलवताना दोन अदलाबदली करायला सांगा, र अधिक हलन्त अधिक ८२०५ च्या जागी ऱ अधिक हलन्त, आणि अ अधिक ८२०५ अधिक चंद्राच्या जागी अखंड ॲ. असं एकदा केलं की पुढे कुणी कितीही सफाई केली तरी हे शब्द मोडणार नाहीत. 'वाङ्मय' साठी असा पर्याय नाही, त्यामुळे ८२०४ ला हात लावायचा नाही हे त्यांच्याकडून लेखी घ्या. आणि बॅकअप पूर्ण परत आणायच्या आधी एकच चाचणी पान करायला लावा, त्यावर आचाऱ्यांना, दऱ्या, तऱ्हा, ॲप, वाङ्मय हे पाच शब्द दोन्ही पद्धतींनी टाईप करून सेव्ह करा, पान पुन्हा उघडा, आणि कॉम्प्युटरवर बघून झालं की तेच पान एखाद्या जुन्या मोबाइलवर पण बघा.